‘नवीन आणा’ हे औषध नाही

‘मॅडम, खरं सांगू का? हिच्यावर खर्च करण्यापेक्षा नवीन आणा. चारशे रुपयांत मिळेल.’

वाक्य एखाद्या दुकानदाराचं वाटेल, पण मला ते एका व्हेटने ऐकवलं. त्यांच्यासमोर स्टीलच्या टेबलावर टॉवेलात गुंडाळलेली ढब्बू बसली होती. तिने दीड दिवस काही खाल्लं नव्हतं. लघवी करताना ती शिट्टीसारखा बारीक आवाज काढायची, तसा तिने त्या टेबलावरही काढला. डॉक्टर म्हणाले, ‘बघा, ओरडतेय, म्हणजे ॲक्टिव्ह आहे.’ त्यांनी फी घेतली नाही. दार उघडून धरलं. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच मला या वाक्याबद्दल लिहायचंय. वाईट माणसाने म्हटलं असतं तर शिवी घालून मोकळी झाले असते.

ढब्बू म्हणजे माझी गिनिपिग. ढोबळी मिरचीला आमच्याकडे ढब्बू म्हणतात. हिला ती भाजी जिवापाड आवडायची आणि अंगानेही ती तशीच गोल होती. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका दुकानातून ‘नर आहे’ म्हणून घेतली. नर नाही, हे मला खूप उशिरा कळलं. दुकानदाराने पिंजरा दिला, सशाच्या खाद्याची पिशवी दिली आणि सल्ला दिला, ‘रोज लसूणघास टाका, मस्त राहतो.’ चारशे रुपयांच्या जिवाबरोबर मिळालेलं ज्ञान एवढंच.

त्यातलं प्रत्येक वाक्य चूक होतं. सशाचं खाद्य गिनिपिगाला पुरत नाही, कारण ससा स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतो आणि गिनिपिगाला ते जमत नाही, अगदी आपल्यासारखंच. ते रोज खाण्यातूनच मिळावं लागतं. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं. वाढत्या पिल्लाला किंवा गाभण मादीला ते चालतं, वयात आलेल्या गिनिपिगाला रोज देऊ नये. आपलं आतडं साधारण गरजेपुरतं कॅल्शियम शोषतं. गिनिपिगाचं आतडं मिळेल तेवढं शोषत जातं आणि जादाचं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे त्यांची लघवी मुळातच गढूळ असते, वाळली की पांढरी पूड राहते. हीच पूड काहींच्या मूत्राशयात साचते, घट्ट होते आणि खडा बनतो. एकट्या लसूणघासामुळे खडा झाला असं मी म्हणणार नाही. पाणी कमी पिणं, बसून राहणं, जात्याच असलेली प्रवृत्ती, अशी बरीच कारणं असतात. पण वाळलेलं साधं गवत हेच यांचं मुख्य अन्न, हे मला दुकानात कुणीतरी सांगायला हवं होतं. आणि मी विचारायला हवं होतं.

मंगळवारी संध्याकाळी तिच्या अंथरुणावर गुलाबी डाग दिसला. तासाभरात मी घराजवळच्या दवाखान्यात होते. बाहेर कुत्र्यांची रांग. आत वजनकाटा कुत्र्यांचा. त्याच्यावर ढब्बूला ठेवलं तर आकडा शून्य आणि एकच्या मध्ये लुकलुकत राहिला. मी म्हटलं, घरच्या किचनच्या काट्यावर ८६० ग्रॅम भरली होती. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. पोट दाबून पाहिलं, म्हणाले, ‘इन्फेक्शन आहे. लहान मुलांचं सिरप देतो. दिवसातून दोनदा, सिरिंजने.’ मी विचारलं, ‘गिनिपिगला चालतं ना?’ ते म्हणाले, ‘मुलांना चालतं, मग याला काय?’

सिरप अमॉक्सिसिलिनचं होतं.

गुरुवारी सकाळी ढब्बूने ढब्बू नाकारली. दुपारी पाण्यासारखी शी. फोन केला तर सांगण्यात आलं की थोडं ताक पाजा, औषध मात्र बंद करू नका. मी औषध बंद केलं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर आपण कशाला शहाणपणा करायचा, असं आमच्या घरचं वळण आहे. मी नोकरीत एखादी लायब्ररी वापरण्याआधी तिची सगळी कागदपत्रं वाचते, तिच्यातले जुने दोष शोधते. माझ्या हाताने, माझ्या मांडीवर बसलेल्या जनावराच्या तोंडात जे ढकलत होते, त्याचं नाव मात्र मी दोन दिवस शोधून पाहिलं नाही. शुक्रवारी दुसऱ्या दवाखान्यात गेले आणि ‘नवीन आणा’ ऐकून परत आले. त्या रात्री अडीच वाजता शोधलं. दोन मिनिटं लागली.

पेनिसिलिन आणि त्याची भावंडं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन वगैरे, गिनिपिगाला तोंडावाटे द्यायची नसतात. त्याच्या आतड्यात गवत पचवणारे जिवाणू या औषधांनी मरतात. मोकळ्या झालेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू माजतात आणि त्यांचं विष रक्तात उतरतं. ही काही काल-परवा लागलेली शंका नाही. ऑक्सफर्डमध्ये १९४० च्या मे महिन्यात पेनिसिलिनची प्रसिद्ध चाचणी झाली ती आठ उंदरांवर. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४३ मध्ये, पेनिसिलिनने गिनिपिग मरतात हे छापून आलं होतं. माझ्या आजीच्या जन्माआधीपासून ही माहिती जगात आहे. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर गिनिपिगाला चालणारी दुसरी औषधं आहेत आणि ती त्याच दवाखान्यातल्या कपाटात होती, कारण ती कुत्र्यांनाही देतात. नवीन काही आणायची गरज नव्हती. पुस्तक उघडायची होती.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. पहिल्या डॉक्टरांना गिनिपिग माहीत नव्हता, हा माझा आरोप नाही. आपल्याकडे पशुवैद्यकाचं साडेपाच वर्षांचं शिक्षण मुख्यतः गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याभोवती उभं आहे, आणि ज्या राज्यात लाखो घरांची चूल दुधावर चालते तिथे ते तसंच असायला हवं. शहरातल्या डॉक्टरांनी त्यावर कुत्रा-मांजर शिकून घेतलं. गिनिपिग, ससा, पोपट, कासव हे सगळे मग ‘एक्झॉटिक’ नावाच्या एकाच पोत्यात. सगळ्यांना सगळं येईल अशी अपेक्षा कोण करेल? मला तरी सगळ्या प्रोग्रामिंग भाषा कुठे येतात? माझा आरोप वेगळा आहे. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द त्या दवाखान्यात उच्चारता आले असते आणि ते उच्चारले गेले नाहीत. का नाही, तर समोरचा जीव चारशे रुपयांचा होता.

रागाच्या भरात म्हणत नाहीये. कल्पना करून पहा. टेबलावर साठ हजारांचा लॅब्राडॉर असता आणि डॉक्टरांना एखाद्या औषधाची खात्री नसती, तर त्यांनी सीनियरला फोन लावला असता. मालक चिडेल, बोभाटा होईल, अशी धास्ती असती. खिलार गाय असती तर शेतकऱ्याने कॉलर धरली असती. जिवाच्या किमतीवरून ठरतं ते हे: डॉक्टर किती विचार करणार, चूक झाली तर किती लाजणार. स्वस्त जनावराच्या बाबतीत अंदाज चालतो. चुकला तर? नवीन आणा.

आणि ही सवय एकट्या डॉक्टरांची नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतली दोन कलमं बघा. ४२८ म्हणायचं, दहा रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा प्राणी मारला, विष घातलं, लुळा केला तर शिक्षा. ४२९ म्हणायचं, गाय, बैल, घोडा, हत्ती असेल तर किंमत कितीही असो, पण इतर कुठला प्राणी असेल तर तो पन्नास रुपयांचा असला पाहिजे, मग शिक्षा मोठी. म्हणजे आधी भाव विचारायचा, मग वेदना मोजायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि तिच्या ३२५ व्या कलमात रुपयांचा उल्लेखच राहिला नाही. कुठलाही प्राणी, बस्स. माझ्या डॉक्टरांना या कलमाखाली ओढावं असं मी म्हणत नाही. त्यांनी जाणूनबुजून काही केलं नाही. सांगायचं इतकंच की दीडशेहून जास्त वर्षांनी का होईना, कायद्याने जनावराचा भाव विचारणं सोडलं. आपण अजून सोडलेलं नाही. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६० चा कायदाही अजून त्याच काळात आहे. त्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. ढब्बूच्या महिन्याच्या ढोबळी मिरचीचा खर्च याहून जास्त होता.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सर्व्हरबद्दल एक वचन फार प्रिय आहे: सर्व्हर पाळीव प्राण्यासारखे ठेवू नका, गुरांसारखे ठेवा. म्हणजे नाव देऊ नका, आजारी पडला तर उपचार करत बसू नका, काढून टाका, दुसरा लावा. मीही ते वर्षानुवर्षं मान डोलवत म्हणत आले. ज्याने कुणी हे वाक्य बनवलं त्याने गुरं बघितली नसावीत, निदान आपल्याकडची तरी. माझ्या मामांकडे माणदेशात खिलारांची जोडी होती. एकाचं पोट फुगलं तेव्हा मामा रात्रभर गोठ्यात कंदील घेऊन बसले होते, आणि तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर पहाटे मोटरसायकलवरून आले होते. बेंदराला त्या बैलांच्या शिंगांना रंग लागायचा, पुरणपोळी आधी त्यांना आणि मग आम्हाला. कुणी मामांना ‘नवीन आणा’ म्हटलं असतं तर त्यांनी त्या माणसाला चहाही दिला नसता. तेव्हा बदली-वस्तू म्हणून जगणारं जनावर आपल्या परंपरेतलं नाही. काचेच्या पेटीत, भावाची चिठ्ठी लावून ठेवलेलं, मॉलच्या तळमजल्यावर विकलं जाणारं, ते आपण आता तयार केलंय.

आता आक्षेप. माझ्या सोसायटीतल्या काकू म्हणाल्या, ‘अगं, सरकारी दवाखान्यात माणसांना खाट मिळत नाही, आणि तू उंदरासाठी पुणं पालथं घालतेस.’ काकूंना उत्तर असं की मी कुणाची खाट मागितलेली नाही. सरकारने गिनिपिग रुग्णालय काढावं असंही म्हणत नाही. मी जे मागतेय ते फुकट आहे. न येणारं काम येत नाही म्हणून सांगणं, एवढंच. आणि ज्या समाजात डॉक्टरला जनावरासमोर ‘माहीत नाही’ म्हणायची सवय नाही, तिथे माणसासमोर ती सवय आपोआप येईल, यावर माझा विश्वास नाही.

दुसरा आक्षेप मित्राचा. ‘तू मटण खातेस, आणि गिनिपिगासाठी रडतेस?’ खाते. अँडीज पर्वतातले लोक हजारो वर्षं गिनिपिगच खात आलेत, तिथेच तो माणसाळला. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण खाटीक बकऱ्याला पाच दिवस तडफडत ठेवून त्याला ‘ट्रीटमेंट चालू आहे’ म्हणत नाही. मारणं आणि बेफिकिरीने मरू देणं यांत फरक आहे, आणि कधीकधी पहिलं जास्त प्रामाणिक असतं.

या सगळ्यात एक गोष्ट मला राहून राहून खुपते. ‘आमचा गिनिपिग केला’ असं आपण मराठीत सहज म्हणतो. नवा अभ्यासक्रम आला, आमचा गिनिपिग केला. नवा बॉस आला, आमचा गिनिपिग केला. हा शब्द आपल्या तोंडी बसला कारण या जनावराने खरोखरच औषधशास्त्राची हमाली केली आहे. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख यांनी गिनिपिगांना नुसतं धान्य घातलं आणि त्यांना स्कर्व्ही झाला. माणसाचा हा रोग प्राण्यात उभा करता आला, आणि त्या वाटेने पुढे क जीवनसत्त्व सापडलं. रॉबर्ट कॉखच्या क्षयरोगाच्या प्रयोगांतही गिनिपिग होते. त्याच्या शरीरात काय चालतं, काय चालत नाही, हे माणसाला शंभर वर्षं नीट माहीत आहे. ज्याच्यावर इतकी औषधं तपासली, त्याला स्वतःला खडा झाला तर पुण्यासारख्या शहरात कुठलं औषध द्यायचं नाही हे सांगणारा माणूस शोधायला मला चार दिवस लागले.

तो सापडला शनिवारी, शहराच्या दुसऱ्या टोकाला. खरं तर सापडली. फोनवरच म्हणाली, ‘मी गिनिपिग मोजकेच पाहिलेत, सगळं येतं असं नाही. पण ते सिरप आत्ताच्या आत्ता बंद करा आणि घेऊन या. तुम्ही पोचेपर्यंत मी वाचून ठेवते.’ मला गाडीत बसल्यावर रडू आलं. आजाराच्या पाच दिवसांत ऐकलेलं ते पहिलं वैद्यकीय वाक्य होतं.

तिने आधी वजन केलं, ग्रॅमच्या काट्यावर. ७१०. मग एक्स-रे. कॅल्शियमचे खडे एक्स-रेत स्वच्छ दिसतात. ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका मूत्राशयात होता. पहिल्याच दिवशी तो दिसला असता. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवून सांगितलं की गिनिपिगांचे खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, कुत्र्या-मांजरांच्या काही खड्यांसारखे ते खाणं बदलून विरघळत नाहीत, काढावेच लागतात. ‘मादी आहे, खडा लहान आहे. काढता येईल असं वाटतं. पण हिचं आतडं बंद पडलंय. आज भूल दिली तर उठणार नाही. आधी पोट चालू करू.’ त्वचेखाली सलाइन दिलं, वेदनाशामक दिलं, गवताची पूड पाण्यात कालवून दर दोन तासांनी सिरिंजने भरवायला शिकवलं. खर्च किती होईल, जगण्याची शक्यता किती आहे, दोन्ही न विचारता सांगितलं. दुसरी कमी होती.

शनिवारची रात्र, रविवार, रविवारची रात्र. आई गावाहून फोन करून विचारत होती, ‘खाल्लं का गं तिने?’ रविवारी दुपारी ढब्बूने ढोबळी मिरचीचा एक तुकडा दातात धरला, थोडा वेळ धरून ठेवला आणि खाली सोडला. सोमवारी पहाटे चारच्या भरवण्याला मी उठले तेव्हा ती गेली होती.

खड्याने ती गेली नाही. खडा निघण्यासारखा होता. ती गेली अंदाजाने, आणि तो अंदाज मी माझ्या हाताने दिवसातून दोनदा भरवला.

आता काय करायचं ते लिहिते, कारण नुसता शोक करून हा लेख संपवणं मला परवडणार नाही.

दुकानदारांना: २०१८ मध्ये केंद्राने पेट शॉपचे नियम केले. पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा यांच्याबरोबर गिनिपिगाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. नोंदणीशिवाय दुकान चालवता येत नाही. तेव्हा ‘छोटासा प्राणी आहे, कोण विचारतंय’ हे बोलणं बंद करा. विकताना मराठीत एक पान द्या: मुख्य अन्न वाळलेलं गवत, रोज क जीवनसत्त्व, पेनिसिलिनच्या घरातलं औषध तोंडाने नाही, आणि या शहरात याला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव. शेवटची ओळ भरता येत नसेल तर तो प्राणी विकू नका.

डॉक्टरांना: दवाखान्याबाहेर ‘सर्व पाळीव प्राण्यांवर उपचार’ अशी पाटी असेल तर ती एकदा मनापासून वाचा. कुत्रा आणि मांजर एवढंच येत असेल तर तेवढंच लिहा, त्यात कमीपणा नाही. आणि चारशे रुपयांचा जीव टेबलावर आला की एक क्षण थांबून तो साठ हजारांचा आहे असं समजा. मग जे सुचेल ते करा. बहुतेक वेळा फोनच सुचेल.

आणि आपल्याला, म्हणजे मला आणि हे स्क्रीनवर वाचणाऱ्या तुम्हाला: ‘क्यूट’ वाटलं म्हणून घेऊ नका. घ्यायच्या आधी तीन दवाखान्यांना फोन लावा आणि एकच प्रश्न विचारा, ‘गिनिपिगाला अमॉक्सिसिलिन चालतं का?’ जो ‘हो’ म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका. जो ‘थांबा, बघून सांगतो’ म्हणेल त्याचा नंबर सेव्ह करा. घरात आणल्यावर दर आठवड्याला किचनच्या काट्यावर वजन करा. हे जनावर दुखणं लपवतं, दाखवलं तर शिकारी उचलून नेतो हे त्याच्या रक्तात आहे. वजन मात्र लपत नाही.

ढब्बूचा पिंजरा अजून बाल्कनीत आहे. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकांनी विचारलं, मुलाच्या वाढदिवसाला गिनिपिग आणतोय, तुमचा पिंजरा मिळेल का? मी लिहिलं, फुकट देते, धुऊन देते, फक्त त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचं नाव आधी कळवा.

निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.